परवाना कोणाचा, घर कोणाचे? अमेरिकेतील बिनपरवाना घरदलालीचा इतिहास

गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांच्या मोबाईलवर एक नवीन स्वप्न फिरते आहे. घर विकत न घेता घर विकायचे, खिशात पैसा नसताना लाखो कमवायचे. अमेरिकेत या धंद्याला ‘रिअल इस्टेट होलसेलिंग’ म्हणतात. व्हिडिओतला माणूस हसत सांगतो, “भांडवल नको, डिग्री नको, लायसन्सही नको.” आणि खाली प्रश्नांची रांग लागते: हे कायदेशीर आहे का? परवाना लागतो का?

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धवट आहे. परवाना लागतो की नाही याचे उत्तर दोन ओळींत देता येते. त्या दोन ओळी लिहिल्या कोणी, कोणासाठी लिहिल्या आणि त्या लिहिल्या जात असताना लुटला कोण गेला, हे समजून घ्यायला मात्र शंभर वर्षे मागे जावे लागते. तो इतिहास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरांचा आहे. त्यात आपल्यालाही ओळखीचे वाटेल असे बरेच काही आहे.

धंदा नेमका काय?

आधी व्यवहार समजून घेऊ. समजा एका वृद्ध बाईचे घर आहे. बाजारभाव दोन लाख डॉलर. घराचा कर थकला आहे, छप्पर गळते आहे, मुलगा दूर राहतो. होलसेलर दारात येतो आणि म्हणतो, “मी घर विकत घेतो, रोख देतो, दुरुस्तीची काळजी नको.” तो नव्वद हजारांचा करार लिहून घेतो आणि विसार म्हणून जेमतेम शंभर डॉलर हातावर ठेवतो. घर घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात आणि घर घेण्याचा त्याचा विचारही नसतो. त्याने मिळवलेला असतो तो फक्त कागद. तो कागद तो एखाद्या गुंतवणूकदाराला वीस हजार जादा घेऊन देतो. गुंतवणूकदार बाईला नव्वद हजार देतो, होलसेलरला वीस हजार देतो आणि तरीही नव्वद हजारांच्या फायद्यात राहतो. बाईला तिच्या घराची खरी किंमत कधी कळतच नाही.

आता कायदा काय म्हणतो? अमेरिकी कायद्यात खरेदीचा करार झाला की खरेदीदाराला त्या मालमत्तेत एक प्रकारचा न्याय्य हक्क मिळतो, असे मानले जाते. करारात मनाई नसेल तर हा हक्क दुसऱ्याला देता येतो. म्हणून होलसेलर म्हणतो, “मी दलाल नाही. मी दुसऱ्याचे घर विकत नाही, माझा करार विकतो. आपली वस्तू विकायला परवाना कशाला?”

दुसरीकडे प्रत्येक राज्याचा परवाना कायदा सांगतो की, मोबदला घेऊन दुसऱ्याची मालमत्ता विकून देणारा तो दलाल आणि दलालाला परवाना हवा. होलसेलरने करार विकला तर तो मालक. पण त्याने घराचे फोटो टाकले, खोल्या मोजून जाहिरात केली, गिऱ्हाईक घर दाखवायला नेले, तर तो दुसऱ्याचेच घर विकतो आहे. म्हणजे तो बिनपरवाना दलाल ठरतो. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्यातली रेघ ही एवढी बारीक आहे. सगळा धंदा या रेघेवर उभा आहे.

परवाना जन्माला कसा आला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरदलालीला कोणतेही बंधन नव्हते. ज्याला वाटेल तो दलाल. कार्यालय नाही, हिशोब नाही, पत्ता नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून सौदे करणाऱ्या अशा दलालांना ‘कर्बस्टोनर’ म्हणत, म्हणजे फूटपाथच्या दगडावरचे दलाल. त्यांनी लोकांना फसवले, हे खरे आहे. आजच्या होलसेलरचा हा पणजोबाच.

१९०८ मध्ये शिकागोत बड्या दलालांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. १९१६ मध्ये ती नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल इस्टेट बोर्ड्स झाली आणि तिच्या सभासदांसाठी ‘रिअल्टर’ हा शब्दही त्याच वर्षी रूढ करण्यात आला. संघटनेने मागणी केली की दलालीला परवाना हवा. कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये असा पहिला कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही. मग १९१९ मध्ये नवा कायदा झाला आणि तो टिकला. पुढे एकेक राज्य त्या वाटेने गेले.

वरवर पाहता ही सुधारणा होती. चोर बाहेर, प्रामाणिक आत. पण ‘प्रामाणिक’ कोणाला म्हणायचे, हे ठरवत कोण होते? दाराशी उभे असलेले तेच बडे दलाल.

हा काळ कोणता, ते पाहा. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आणि झुंडबळीच्या दहशतीतून कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडे निघाली होती. १९१६ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख माणसे दक्षिण सोडून गेली. शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क. त्यांना राहायला घर हवे होते. १९१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, वंशानुसार वस्त्या ठरवणारा लुईव्हिल शहराचा नियम रद्द केला होता. म्हणजे सरकारला उघडपणे ‘ही आळी गोऱ्यांची, ती काळ्यांची’ असे लिहिता येईना. मग ते काम कोणी केले? दलालांच्या संघटनेने.

१९२४ मध्ये या संघटनेने आपल्या आचारसंहितेत ३४ वे कलम घातले. त्याचा आशय असा की, ज्या वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांच्या येण्याने वस्तीतल्या मालमत्तांची किंमत घसरेल, अशा लोकांना त्या वस्तीत आणायला रिअल्टरने कधीही हातभार लावू नये. नीट वाचा. कृष्णवर्णीय कुटुंबाला गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळवून देणे हा ‘नीतीचा भंग’ ठरला! वंशाचा थेट उल्लेख त्या संहितेतून गेला तो १९५० मध्ये.

आपल्याला हे नवे आहे का? विहिरीला शिवणे हा अधर्म, असे सांगणारी संहिता आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. बहिष्कार जेव्हा नीतीचे कपडे घालतो तेव्हा तो सर्वांत घातक असतो. कारण मग तो पाळणाऱ्याला स्वतःचीच कौतुकाने पाठ थोपटता येते.

कृष्णवर्णीय माणूस परवाना काढू शकत होता, पण स्थानिक रिअल इस्टेट बोर्डाचे दार त्याला बंद होते. विक्रीच्या घरांची यादी बोर्डाच्या हातात आणि बोर्ड गोऱ्यांच्या हातात. शेवटी १९४७ मध्ये कृष्णवर्णीय दलालांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. ‘रिअल्टर’ हा शब्द त्यांना वापरता येत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःला ‘रिअल्टिस्ट’ म्हणवून घेतले. नाकारलेल्यांनी आपले नाव आपण घेतले.

शिकागोतली कायदेशीर लूट

आता परवान्याची खरी परीक्षा पाहू. परवाना लोकांच्या रक्षणासाठी असेल तर सर्वांत गरजू गिऱ्हाइकाचे रक्षण त्याने केले का?

१९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली. हप्ते लांबले, व्याज उतरले, लाखो गोरी कुटुंबे घरमालक झाली. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशांवर लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या गेल्या. तिथे हमी नाही. हमी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. माणूस कमावता आहे, हप्ता भरू शकतो, तरी कर्ज नाही.

या बंद दाराबाहेर दुकान थाटले ते सट्टेबाजांनी. ते आधी गोऱ्यांच्या आळीत भीती पेरत. एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडीसह त्या रस्त्याने फेऱ्या मारायला लावत. मग घरोघरी जाऊन सांगत, “काळे येऊ लागलेत, भाव पडायच्या आत विका.” घाबरलेला गोरा मालक मातीमोल भावाने घर विकत असे. तेच घर दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गळ्यात मारले जाई. तेही खरेदीखत करून नव्हे, तर हप्त्याच्या करारावर. घराची मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याकडेच. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले सगळे पैसेही गेले. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला.

क्लाईड रॉस यांचे उदाहरण अमेरिकेत सर्वांना माहीत आहे. मिसिसिपीतून आलेला हा माणूस सैन्यात नोकरी करून शिकागोत स्थिरावला. १९६१ मध्ये त्याने नॉर्थ लॉनडेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते. रॉसला वाटत होते की आपण घर घेतले. प्रत्यक्षात त्याच्या हातात होता फक्त कागद.

ही एकट्याची गोष्ट नव्हती. ड्यूक विद्यापीठाच्या एका केंद्राने इतरांसोबत केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोत कृष्णवर्णीय कुटुंबांना विकल्या गेलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरे अशा करारांवर विकली गेली. किमतीत सरासरी ८४ टक्के वाढ लावलेली होती. या दोन दशकांत कृष्णवर्णीय समाजाच्या हातून तीन ते चार अब्ज डॉलरची संपत्ती गेली.

आणि आता मुद्दा. हे करार बेकायदेशीर होते का? नाही. त्या काळी इलिनॉय राज्यात ते पूर्ण कायदेशीर होते. ते करणाऱ्यांत परवानाधारक दलाल होते, वकील होते, प्रतिष्ठित नागरिक होते. भिंतीवर परवाना टांगलेला आणि टेबलावर लुटीचा कागद!

पहिला परवाना कायदा करणाऱ्या कॅलिफोर्नियाचेच पाहा. १९६३ मध्ये तिथे घरविक्रीतील भेदभावाला मनाई करणारा कायदा झाला. तिथल्या परवानाधारक दलालांच्या राज्य संघटनेने पुढाकार घेऊन १९६४ मध्ये जनमताचा ठराव आणला, प्रपोझिशन १४. मालकाला हव्या त्या माणसाला घर नाकारण्याचा हक्क त्यात होता. मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला. अखेर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. यावरून काय दिसते? परवाना माणसाला पात्र ठरवतो, न्यायी बनवत नाही.

लढले ते हप्ते भरणारे

जानेवारी १९६६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग नॉर्थ लॉनडेलच्याच एका मोडकळीला आलेल्या इमारतीत राहायला गेले, शहरी वस्त्यांचा प्रश्न देशासमोर आणायला. दोन वर्षांनी, जानेवारी १९६८ मध्ये, त्याच भागात हप्त्याच्या करारावर घरे घेतलेल्या कुटुंबांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ स्थापन केली. जॅक मॅकनमारा नावाचा एक तरुण जेझुइट विद्यार्थी आणि काही महाविद्यालयीन मुले त्यांच्या मदतीला होती. या मुलांनी पहिले काम काय केले? नोंदणी कार्यालयात बसून कागद काढले. कोणते घर विक्रेत्याने केवढ्याला घेतले आणि केवढ्याला विकले, याची यादी केली.

त्या यादीने चमत्कार केला. तोपर्यंत प्रत्येक कुटुंब आपल्याच घरात लाजेने गप्प होते. आपणच फसलो, आपल्यालाच व्यवहार कळला नाही, असे प्रत्येकाला वाटत होते. सभेत सगळ्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले गेले आणि लाज संतापात बदलली. हा नशिबाचा खेळ नव्हता, एका पद्धतीने चाललेली लूट होती.

१९६८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हप्ते विक्रेत्यांना देणे थांबवले. शेकडो कुटुंबे त्यात उतरली. घरे रिकामी करायला पोलीस आले, सामान रस्त्यावर टाकले गेले. पोलीस गेले की शेजाऱ्यांनी ते सामान पुन्हा आत नेऊन ठेवले. दबाव एवढा वाढला की अनेक विक्रेत्यांना करार नव्याने ठरवून किंमत कमी करावी लागली. न्यायालयात मात्र लीग हरली. १९७६ मध्ये ज्युरीने विक्रेत्यांच्या बाजूने कौल दिला. कायद्याने नाकारलेले बरेच काही संघटनेने आधीच मिळवले होते.

त्याच १९६८ मध्ये, ४ एप्रिलला डॉ. किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. वंशाची भीती दाखवून घरे विकायला लावणे त्या कायद्याने बेकायदेशीर ठरले. या कायद्याला रिअल्टरांच्या संघटनेचा विरोध होता. आपल्या या इतिहासाबद्दल त्या संघटनेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. आणि हप्त्याच्या करारावर इलिनॉय राज्याने सविस्तर स्वतंत्र कायदा लागू केला तो २०१८ मध्ये, लीगच्या स्थापनेनंतर पन्नास वर्षांनी. तोपर्यंत २००८ च्या मंदीत जप्त झालेली घरे घेऊन हप्त्याच्या कराराचा धंदा पुन्हा सुरूही झाला होता.

आजचा होलसेलर आणि आजचा कायदा

आता होलसेलिंगकडे परत येऊ. एकेकाळी लाल रंगाने रंगवलेल्या वस्त्या आज शहरांच्या मध्यभागी आल्या आहेत. ज्या घरांना कोणी कर्ज देत नव्हते त्या जागांचे भाव वाढले आहेत. त्या घरांत राहतात ती पहिल्या पिढीच्या घरमालकांची मुले आणि विधवा. अनेकांच्या घराचे कागद अजून मेलेल्या आजोबांच्याच नावावर आहेत. फिलाडेल्फियात २०२१ मध्ये झालेल्या पाहणीत अशी गुंतलेल्या मालकीची १०,००० हून अधिक घरे आढळली. ती मुख्यतः गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांत होती. होलसेलरची पत्रे आणि फोन सर्वांत जास्त याच दारांवर आदळतात.

लोकांच्या तक्रारी वाढल्या तशी राज्ये जागी झाली. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

टेक्सासने २०१७ मध्ये सांगितले की करारातला हक्क विकायला परवाना नको. पण तुम्ही घराचे मालक नसून तुमच्याकडे फक्त कराराचा हक्क आहे, हे समोरच्याला स्पष्ट सांगावे लागेल. ते लपवले तर ती बिनपरवाना दलाली.

इलिनॉयने २०१९ मध्ये परवाना कायदा बदलला. बारा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा असे करार विकण्याचा उद्योग केला तर तो व्यवसाय मानला जातो आणि परवाना लागतो. बिनपरवाना काम केल्यास दर गुन्ह्यामागे २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

ओक्लाहोमाने २०२१ मध्ये थेट ‘लुटारू होलसेलर प्रतिबंधक’ अशा अर्थाच्या नावाचा कायदा केला. करारातल्या हक्काची जाहीर जाहिरात करायची तर परवाना हवा.

फिलाडेल्फिया शहराने २०२० मध्ये होलसेलरांसाठी वेगळा परवाना ठरवला. पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे. होलसेलरला परवाना सक्तीचा झाला आणि घरमालकाला करार केल्यापासून ३० दिवसांपर्यंत, किंवा घर हस्तांतरित होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, दंडाशिवाय करार मोडण्याचा हक्क मिळाला.

म्हणजे व्हिडिओतल्या माणसाचे ‘लायसन्स नको’ हे वाक्य काही राज्यांत अर्धे खरे, काही राज्यांत सरळ खोटे आहे. कुठेही ते पूर्ण खरे नाही. पण या कायद्यांत मला सर्वांत मोलाचा भाग परवान्याचा वाटत नाही. पेनसिल्व्हेनियाचे ते ३० दिवस मोलाचे वाटतात. परवाना होलसेलरला मिळतो. तीस दिवस त्या म्हाताऱ्या बाईला मिळतात. भाव विचारायला, मुलाला बोलवायला, वकिलाला कागद दाखवायला. कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे हे ओळखायचे असेल तर त्याने कोणाच्या हातात वेळ आणि माहिती दिली ते बघा.

एक प्रामाणिक आक्षेप

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे बरोबर नाही. काही जण म्हणतात, परवाना सक्तीचा करणे म्हणजे पुन्हा बड्या दलालांचीच मक्तेदारी. होलसेलिंग करणाऱ्यांत गरीब वस्त्यांतली, कृष्णवर्णीय, लॅटिनो तरुण मुलेही आहेत. त्यांच्याकडे भांडवल नाही, ओळखी नाहीत. एक दार उघडले होते, तेही तुम्ही बंद करता?

परवान्याचा जो इतिहास वर सांगितला, तो पाहता हा आक्षेप खोटा नाही. परीक्षेची फी, अभ्यासक्रमाचे तास, गुन्ह्याची जुनी नोंद असली तर होणारी अडवणूक, या सगळ्याचा भार गरिबावरच पडतो. म्हणून परवाना स्वस्त हवा, सुलभ हवा, मंडळावर पीडित वस्त्यांचे प्रतिनिधी हवेत, ही मागणी रास्त आहे.

पण या आक्षेपाने एक गोष्ट सिद्ध होत नाही. गरीब तरुणाला रोजगार हवा म्हणून गरीब म्हातारीचे घर अर्ध्या किमतीत जावे, हे सिद्ध होत नाही. तिचे नव्वद हजार त्या तरुणाच्या हातात येतच नाहीत. वीस हजार त्याला, बाकी सगळे वरच्या गुंतवणूकदाराला. शोषितांच्या पोराला शोषितांच्याच दारात वसुलीला पाठवणे ही व्यवस्थेची जुनी खेळी आहे. कोतवाल कोणाच्या वस्तीतला असायचा आणि वाडा कोणाचा असायचा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपल्या सातबाऱ्यावरची गोष्ट

आता आपल्या दारात या. अमेरिकेसारखा होलसेलिंगचा बाजार आपल्याकडे त्या नावाने नाही. पण शहराच्या कडेला असलेल्या कोणत्याही गावात महार वतनाच्या जमिनीचा विषय काढा, आणि ऐका.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. जमिनी वतनदारांना परत दिल्या गेल्या त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, वाटणीही करता येणार नाही. हेतू रक्षणाचा होता.

मग काय झाले? शहर वाढले, रस्ता आला, भाव आला. पाठोपाठ दलाल आला. इसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र यांवर सह्या-अंगठे झाले. साठेखतातली एक ओळ आपल्या प्रत्येकाने पाठ करावी: ‘लिहून घेणार अगर ते सांगतील त्यांचे नावे खरेदीखत करून देऊ.’ हेच ते होलसेलिंग! तुमच्याशी बोलणारा माणूस एक, तुमची जमीन घेणारा दुसरा, आणि मधला फरक तुम्हाला कधीच न सांगितलेला.

आपला कायदा याबाबत अमेरिकेहून वेगळा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी जात नाही. ही आपल्या हातातली हत्यारे आहेत. पण परवान्याचे काय? २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार एजंटला नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. गावच्या शेतजमिनीचा इसार घेऊन फिरणारा दलाल त्या जाळ्यात येत नाही. आणि परवानगीशिवाय वतन जमिनीचा व्यवहार झाला तर शर्तभंग कोणाच्या नावावर लागतो? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या. दलालाचे नाव कागदावर शोधूनही सापडत नाही.

मग करायचे काय?

शिकागोच्या त्या विद्यार्थ्यांनी जे केले ते आपण करू शकतो. आपल्या गावातल्या वतन जमिनींची यादी करा. प्रत्येक गटाचा सातबारा, फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला दस्त काढा. कोणाकडून केवढ्याला लिहून घेतले आणि पुढे केवढ्याला गेले, ते एका कागदावर मांडा. तो कागद विहारात सगळ्यांसमोर वाचा. प्रत्येक घर स्वतंत्रपणे लाजत असते तोवर दलाल सुरक्षित असतो. आकडे शेजारी-शेजारी आले की तो सुरक्षित राहत नाही.

दारात रोख पैसे घेऊन कोणी आला तर तीनच प्रश्न विचारा. खरेदीखत कोणाच्या नावावर होणार? तुमच्याकडे पूर्ण रक्कम आजच आहे का? माझ्या जमिनीचा आजचा बाजारभाव काय? तिसऱ्या प्रश्नावर जो घाई करू लागेल, त्याला चहा पाजा आणि सही न करता परत पाठवा.

आणि जे तरुण मित्र या धंद्यात उतरायचे म्हणतात, त्यांना एवढेच सांगणे आहे. दलाली करायची तर नोंदणी करून, नाव-पत्ता देऊन, खरा भाव सांगून करा. त्यात कमीपणा नाही. ‘परवाना लागतो का’ हा प्रश्न वकिलाला विचारा. ‘ही म्हातारी माझी आजी असती तर हा कागद मी तिच्यापुढे ठेवला असता का’ हा प्रश्न मात्र स्वतःलाच विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर राज्याराज्यांत बदलते. दुसऱ्याचे बदलत नाही.